न बसणारी आवडाबाई

आवडाबाई करंजाच्या धक्क्यावर कधी बसली नाही. दर रविवारी ती रेवसहून लाँचने पलीकडे उतरायची आणि उन्हात ताठ उभी राहायची. काडीमोडानंतर लेक तनू बापाकडे राहिली होती. दर रविवारी तिला या धक्क्यावर आईच्या हवाली करायचं, असा कोर्टाचा हुकूम होता. हुकूम होता, पोर मात्र येत नव्हती. शेजारीण म्हणून मी सोबत जायची. "अगं, जरा टेक," म्हटलं की डोळे वटारायची. "बाय, बसलेल्या बाईला लोक सांगतात, जा घरा. उभीला वाट द्यावी लागते."

तिकडची मंडळी पक्की बेरकी. आज पोरीला ताप, उद्या परीक्षा. पुन्हा अर्ज केला, तेव्हा न्यायाधीशांनी नवऱ्याला झापलं. त्याने नंदीबैलासारखी मान डोलावली आणि पुढच्या रविवारी धक्का रिकामाच. मला तर त्या मानेचाच राग यायचा.

आवडाबाई धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत धवलारणीने धवले गाऊन देवांना बोलावल्याशिवाय हळद लागत नाही. "काडीमोड झालेली कशाला?" असं कुणी पुटपुटलं तर म्हणायची, "माजा संसार मोडला, गला न्हाय."

तिच्या आधीच्या दिराच्या हळदीला त्यांच्या गावची म्हातारी धवलारीण आजारी पडली. दुसरी कुणी मिळेना, म्हणून झक मारत त्यांनी हिला बोलावलं. मीही गेले. नवरदेव पाटावर बसलेला, हळद वाटून तयार. आवडाबाई मांडवात शिरली आणि मधोमध उभी राहिली.

"बस गो, सुरू कर," सासू म्हणाली.

"आदी माजी पोर आना."

तनूचा बाप उसळला, "मांडवात धमकी देतेस?"

"धमकी न्हाय, कोर्टाचा हुकूम हाय. तू मोडलास, म्हनून मांडवात सांगते. दर रविवारी मी धक्क्यावर उभी असते."

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. आईच पोरीला विचारत नाही, असं त्यांना सांगून ठेवलं होतं. अखेर सासूच उठली आणि आतून तनूला घेऊन आली.

"आये, तू येत व्हतीस?" पोरीने विचारलं. तिलाही तेच सांगितलेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आवडाबाई मात्र खाली बसली, तनूला मांडीवर ओढलं आणि गायला लागली. आवाज पहिल्या ओळीलाच फुटला. तरी थांबली नाही.

पुढच्या रविवारी लाँच करंजाला लागली, तेव्हा तनू धक्क्यावर आधीच येऊन उभी होती. बाप मागे गाडीत. आम्ही उतरायच्या आधीच मी लांबून ओरडले, "अगं, उन्हात कशाला? बस ना तिथे!"

कार्टीने माझ्याकडे बघून डोळे वटारले.