भर दुपारी विहिरीपाशी उभे राहिलेले मसुरकर मास्तर

मालवणच्या शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून रुजू व्हायला मी आगबोटीने आलो. पडावातून किनाऱ्याला उतरलो, तर मला न्यायला इतिहासाचे शिक्षक रघुनाथराव मसुरकर स्वतः आले होते. समोर पाण्यात किल्ला दिसत होता. मी त्याच्याविषयी विचारू लागलो. मास्तर म्हणाले, "किल्ला तुम्हाला कोणीही दाखवील. ट्रंक माझ्या घरी ठेवू, आणि उजेड आहे तोवर जरा चालून येऊ."

त्या संध्याकाळी त्यांनी मला केवड्याच्या बनामागे नेले. तिथे खलाशांच्या जुन्या समाध्या होत्या. दगड अर्धे वाळूत गेलेले, वरची अक्षरे खाऱ्या वाऱ्याने पुसलेली. "इथे कोण आहेत ते गावात कोणाला ठाऊक नाही," मास्तर म्हणाले. "निदान दगड तरी कागदावर येऊ देत. तुम्ही काढाल?" मी काढू लागलो आणि सारा वेळ पाठीशी कोणी उभे असल्यासारखे वाटत राहिले. मास्तर तर समोर बसले होते. परतताना मी ते चाचरत सांगितले. ते हसले नाहीत. "मलाही वाटतं तसं," म्हणाले. "म्हणून तर घाईने निघून यायचं नाही."

आज मास्तरांची साठी पूर्ण होत असताना त्यांच्या कार्याविषयी लिहायचे, तर हे बंदर त्यांनी आम्हाला नव्याने दाखवले, असेच म्हणावे लागेल. एके काळी दूरदूरची गलबते इथे लागत. त्या गजबजलेल्या बंदराचे उरलेसुरले अवशेष मास्तर दर रविवारी आम्हा दहा-पंधरा मंडळींना दाखवीत. मिठागराचे बुजलेले बांध, बाजारामागची बंद गल्ली, वखारीचे जोते. एखाद्या जागेविषयी लोक काय बोलतात तेही ते तितक्याच आदराने सांगत. त्यातले खरे काय असे कोणी विचारले, तर जेवढे ठाऊक असेल तेवढेच बोलत आणि थांबत. पहिल्याच वर्षी मी हिवतापाने अंथरुणाला खिळलो, तेव्हा त्यांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, केलेली पेज घेऊन ते रोज माझ्या खोलीवर येत. ताप चढला की मला समाध्यांवरची नसलेली अक्षरे दिसत. मास्तर ती माझ्याकडून शांतपणे ऐकून घेत.

त्यांचे मोठेपण मला पुरते कळले ते मात्र वखारीमागच्या विहिरीपाशी. खाडीच्या काठच्या या विहिरीतून पूर्वी गलबतांवर गोडे पाणी भरत. पुढे पाणी खारट झाले आणि विहिरीचा वापर सुटला. भर दुपारी तिकडे कोणी फिरकत नसे. आतून हाक येते, असे सगळे म्हणत.

सत्यभामा मात्र रोज जाई. तिचा नवरा गलबतावर तांडेल, खलाशांचा म्होरक्या, होता. एका पावसाळ्याच्या तोंडाशी गेलेले ते गलबत परत आले नव्हते. विहिरीतून तो आपल्याला नावाने हाक मारतो, असे ती सांगे. दिवसेंदिवस ती काठावर अधिकाधिक पुढे वाकून बसू लागली. गावकऱ्यांनी गावाची राखण करणाऱ्या देवचाराला गाऱ्हाणे घातले. उपयोग झाला नाही, तेव्हा विहीर बुजवायचे ठरले.

मास्तरांनी थोडी मुदत मागून घेतली. "विहीर बुजवलीत तर तिच्या लेखी तुम्ही त्याला आत पुरलंत," ते म्हणाले.

मग भर उन्हात आम्ही दोघे तिथे जाऊन बसू लागलो. तो आवाज मी ऐकला आहे. आधी लांबलचक श्वास घेतल्यासारखा, मग कोणी घशातल्या घशात बोलू पाहावे तसा. अंगावर काटा येई. मास्तरांच्या ध्यानात आले की हे भरती चढतानाच होते. एका ओहोटीला त्यांनी विहिरीत नारळाच्या सोडणांचा धूर केला आणि आम्ही खाडीच्या काठाकाठाने शोधू लागलो. खाडीच्या चिखलात, तिवरांच्या मुळांतून तो धूर बाहेर येत होता. जमिनीखालून गेलेला जुना दगडी चर होता तो. भरतीचे पाणी त्यात शिरे आणि आतली हवा विहिरीत ढकली.

मास्तरांनी सत्यभामेला होडीतून तिथे नेले. वहिनी तिचा हात धरून बसल्या होत्या. मास्तरांनी चराचे तोंड दाखवून सगळे समजावले. तिने होडीतून वाकून त्या काळ्या भोकात पाहिले.

"म्हणजे तो थंय नाय?"

"थंय नाय, बाय."

"मगे माझा नाव कोण घेता?"

 काहीतरी बोलून तिची समजूत घालणे मास्तरांना सोपे होते. ते म्हणाले, "ता माका ठावक नाय."

तेव्हा ती रडली. गलबत गेल्यापासून ती रडली नव्हती, असे वहिनींनी नंतर मला सांगितले. दुसऱ्या दिवसापासून तिचे विहिरीवर जाणे बंद झाले. वहिनींनी तिला शाळेच्या बालवर्गात काम मिळवून दिले.

पण विहिरीचे रेखाटन अर्धे राहिले होते, म्हणून काही दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. खाडी पूर्ण ओसरली होती. वारा नव्हता, चर कोरडा होता. मी पेन्सिल टेकवली आणि आतून स्पष्ट हाक आली, "सत्यभामा." पुरुषाचा आवाज, दमलेला.

मी मास्तरांकडे पाहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"ऐकलंत?" त्यांनी विचारले.

"हो."

"तिला सांगायला हवं."

मी विरोध केला. ती जेमतेम सावरली होती. मास्तर म्हणाले, "चराचं सांगितलं आणि हे लपवलं, तर आपण तिला फसवलं."

ती अंगण झाडत होती. मास्तरांनी सारे सांगितले. तिने केरसुणी बाजूला ठेवली आणि ती म्हणाली, "मास्तरानू, मी आता येवचंय नाय. त्याका सांगा, मी बरी आसंय."

दुसऱ्या दुपारी इतिहासाचे हे शिक्षक, आयुष्यभर पुरावा मागणारे, टोपी काढून विहिरीच्या काठावर उभे राहिले. भरती चढत होती आणि आत तो श्वास चालू होता. मास्तर खाली वाकून, शेजाऱ्याशी बोलावे तसे म्हणाले, "तांडेलानू, ती येवची नाय. ती बरी आसा. तुमका सांगूक सांगल्यान."

श्वास थांबला. मी खाडीकडे पाहिले. पाणी अजून चढतच होते.

त्यानंतर त्या विहिरीतून आवाज आल्याचे कोणी सांगितलेले नाही. भरती रोज येते.

मास्तरांचे गुडघे हल्ली दुखतात, तरी रविवार ते चुकवत नाहीत. त्यांना निरामय दीर्घायुष्य लाभो, एवढेच मागणे. या बंदराच्या आडवाटांवर अजून पुष्कळ जण कोणाची तरी वाट पाहत बसलेले आहेत, आणि त्यांच्यापाशी जाऊन खरे ते बोलेल असा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.