बल्ब लागला तरी नापास

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात शिरल्याबरोबर मी सगळ्या सेफ्टी सॉकेटांची टेस्ट बटणं दाबली. प्रत्येक सॉकेट टक्कन बंद पडलं. मग त्याच सॉकेटांना माझं टेस्टर लावलं, तर एकही बंद पडेना.

एटापल्लीच्या पुढे, जंगलातलं मुलींचं वसतिगृह. शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते. आदल्या वर्षी अशाच दुसऱ्या एका वसतिगृहात वॉटर कूलरला हात लावलेली मदतनीस बाई जागीच गेली होती. तेव्हापासून वरून आदेश होता की विजेचं सर्टिफिकेट असल्याशिवाय मुलींना आत घ्यायचं नाही. चाचणी करून सही करण्यासाठी मला चंद्रपूरहून बोलावलं होतं.

माझ्या कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी सप्लाय बघायचा, मग सॉकेट बदलून बघायचं, मग वायरिंग उघडायचं. सप्लाय ठीक होता. पिशवीतलं कोरं सॉकेट त्याच वायरींवर लावलं, तेही नापास झालं. म्हणजे दोष सॉकेटात नव्हता.

अधीक्षिका दारातच उभी होती. माझ्याहून लहान, पण चेहरा ओढलेला.

"मॅडम, सांगून ठेवते. नाल्यापलीकडची एक पोरगी यंदा दहावीत आहे. तिचा मामा भाताच्या रोवणीसाठी माणसं गोळा करून तेलंगणात चाललाय. बाप म्हणाला, ठरल्या दिवशी हॉस्टेल उघडलं तर पोरगी तुमची, नाही तर मामासोबत जाईल. आणि एकदा नाल्यावरच्या रपट्यावर, त्या बुटक्या पुलावर, पाणी चढलं की बापाला समजवायलाही कोणी जाऊ शकत नाही."

"बघते," मी म्हणाले आणि स्क्रू काढायला घेतले.

सॉकेटच्या मागे, भिंतीतल्या डब्यात खोल, वायरचा बोटभर तुकडा निघाला. एक टोक सॉकेटातून पुढे जाणाऱ्या न्यूट्रलला, दुसरं अर्थिंगच्या पिनेच्या वायरला. अर्थिंगची खरी हिरवी वायर कापून, टेप गुंडाळून भिंतीत कोंबलेली. पुढचं सॉकेट उघडलं, तिथेही तेच.

हे सॉकेट जाणारा करंट आणि परत येणारा करंट सतत ताडून बघतं. थोडा जरी कुणाच्या अंगातून जमिनीत गेला तरी मेळ बसत नाही आणि ते क्षणात बंद होतं. टेस्ट बटण फक्त आतली कळ हलते का एवढंच सांगतं. टेस्टर मात्र खरोखरीची गळती करून बघतं. इथे मी केलेली गळती अर्थिंगच्या पिनेत जाऊन त्या तुकड्यातून पुन्हा सॉकेटच्याच न्यूट्रलला येत होती. सॉकेटच्या दृष्टीने गळती झालीच नव्हती.

ज्याने वायरिंग केलं होतं त्या वायरमनला अधीक्षिकेने बोलावून घेतलं. तो आला तो चिडूनच.

"काऊन खोलून राह्यल्या मॅडम? पास झालेलं काम हाय हे."

"कसं पास झालं?"

त्याने पिशवीतून होल्डरला लावलेला बल्ब काढला. एक वायर फेजमध्ये, एक अर्थिंगमध्ये. बल्ब लख्ख लागला. "पाहा. आता सांगा, अर्थिंग नाई म्हून."

"हा न्यूट्रलवर लागलाय, भाऊ. मी हा तुकडा काढते, मग लावून दाखवा."

तुकडा काढला. बल्ब लागला नाही.

तो मुळीच ओशाळला नाही. "इथी खाली मुरूम हाय, त्याच्या खाली दगड. अर्थिंगच्या खड्ड्यात कितीक मीठ-कोळसा टाका, उन्हाळ्यात बल्ब नुसता लालसर होते. तपासणीवाले म्हणते नापास. न्यूट्रलचा जोड मारला का पास. चामोर्शीपासून इकडं सगळेच मारते. मले उस्तादानं असंच शिकवलं."

खोटं बोलत नव्हता. या भागात अर्थिंग बल्बनेच तपासतात, म्हणून बल्ब लावून देण्याचीच विद्या पिढीजात चालत आलेली.

"आणि फांदी पडून खांबावरचा न्यूट्रल तुटला तर?" मी विचारलं. "मग याच जोडातून मशीनच्या पत्र्यावर पूर्ण व्होल्टेज येतं. सॉकेटचं डोकंही त्याच न्यूट्रलवर चालतं. ते बंदही पडणार नाही."

तो बल्ब पिशवीत भरायला लागला. बोलली ती स्वयंपाकीण. कणीक मळायच्या मशीनपाशी ती मघापासून परात घासत होती.

"म्हून चावते का ते? वारा-वावधन सुटलं का झिनझिन येते. मी पाटावर उभी राह्यते. पोरींले पन सांगून ठेवलं हाय, चप्पल घालूनच हात लावा."

"मावशी, हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?" अधीक्षिका किंचाळलीच.

"काय सांगाचं मॅडम? मशीन हाय, चावनारच."

मी सगळे जोड काढले, स्वयंपाकघराची आणि न्हाणीघराची लाइन मेनपासून तोडली आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं. लाइन तोडलेलीच ठेवून चुलीवर स्वयंपाक आणि हातपंपाचं पाणी, असं करून उघडू द्या, असा फोन अधीक्षिकेने माझ्यासमोर वरच्या ऑफिसला लावला. सर्टिफिकेट नाही तर मुली नाहीत, एवढंच उत्तर आलं. फोन ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. मला तिच्याशी वाद घालायचा नव्हता. मी कुदळी किती आहेत ते विचारलं.

न्हाणीघरामागे नव्या अर्थिंगसाठी खड्डा घेतला. कमरेइतकं खोदलं आणि दगड लागला. वायरमन स्वतः खड्ड्यात उतरून पहारीने ठोकत होता. ठिणग्या उडत होत्या, दगड हलत नव्हता. दुसरा खड्डा हातपंपाच्या सांडपाण्याजवळ घेतला. तिथे ओली काळी माती लागली आणि मीटरवर आकडा चांगला आला. पण तिथून इमारतीपर्यंत अर्थिंग न्यायला लागणारी लोखंडी पट्टी एटापल्लीत नव्हती. ती चंद्रपूरहून मागवली. पट्टी निघाली त्याच दिवशी पाऊस लागला आणि गाडी आलापल्लीच्या अलीकडे अडकली. शाळा उघडायचा दिवस गेला. मीही परत गेले होते. पट्टी पोचल्याचा फोन आल्यावर पुन्हा निघाले.

वायरमनने पट्टी नीट बसवली होती, कापलेल्या हिरव्या वायरी पुन्हा जोडल्या होत्या, पट्टीच्या सांध्यांना रंगही लावला होता. टेस्टर लावलं. पहिलं सॉकेट बंद पडलं, दुसरं पडलं, सगळी पडली. मी सही केली. दुपारपासून जवळच्या गावांतल्या मुली पेट्या घेऊन यायला लागल्या.

"नाल्यापलीकडची?" मी विचारलं.

अधीक्षिका हजेरीच्या टेबलावर होती. तिने मान वर केली नाही.

"काल पाणी उतरलं तेव्हा शिपायाला पाठवलं होतं. घरी म्हातारीच आहे. शाळेचा दिवस उलटला तसा मामा पूर यायच्या आधीच तिला घेऊन निघून गेला."

"रोवणी झाली की येईल ना परत?"

"मागच्या वर्षी दोघी गेल्या होत्या," ती म्हणाली. "आल्या नाहीत."

तिने मला बोल लावला नाही. लावला असता तरी मी हेच म्हटलं असतं. ते जोड ठेवून मी आजही सही करणार नाही. पण आत कणकेचं मशीन सुरू झालं होतं, त्याच्यापाशी कामाच्या पाळीतल्या मुली खिदळत होत्या, आणि मला तिथे चहा घ्यायला थांबवेना. मी टेस्टर पेटीत भरलं आणि गाडीत जाऊन बसले.