लाल ढेकण्यांची वहिनी

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर किडा दिसला की चेहरा खुलणारं एकच माणूस आहे, आणि ती माझी वहिनी आहे. कापसाला डाग पाडणाऱ्या लाल ढेकण्याच्या अंड्यात पेशी कशा चालतात, यावर तिचं संशोधन. लग्न होऊन महागावला आमच्या घरी आली तेव्हा रुखवतापेक्षा तिच्या सूक्ष्मदर्शकालाच जास्त जागा लागली. लोणच्याच्या बरण्यांत ढेकणे, चहाच्या गाळणीत अंडी. आईने चहा सोडला नाही, पण गाळणी उशाशी घेऊन झोपू लागली. वरण करपलं तरी वहिनी भिंगावरून उठायची नाही. "आत्ताच निघाल्यात त्या," म्हणायची, जणू पाहुणे बसस्टँडवरून निघालेत. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात कुणीतरी विचारलं, पेशी चालतात म्हणजे काय? हिनं जेवायला निघालेली सगळी रांग मागे वळवली आणि "टोकाला चला, आता एकेक आत वळा," करत थेट आचाऱ्याच्या मांडवात घुसवली. वरपक्षाला वाटलं, आमच्याकडची रीत असेल. व्याहीसुद्धा टोपी सावरत गंभीरपणे मागोमाग गेले.

बोंडअळीच्या साली सगळा तालुका फवारणीला लागला. वहिनीला विषाचा थेंब न लागलेली अंडी हवी होती, नाहीतर एवढ्या वर्षांचं काम तिथंच संपत होतं. तिनं बाबांकडे, म्हणजे तिच्या सासऱ्यांकडे, धुऱ्याजवळच्या, बांधालगतच्या चार ओळी न फवारता ठेवायला मागितल्या. शेजारचे काका भडकले. "आमी मारून मारून थकलो, अन् तुमी पाळून राह्यले. कायले?"

"सुनेनं पयल्यांदाच काही मागतलं, भाऊ," बाबा म्हणाले. ओळी राहिल्या.

प्रबंध मान्य झाला तेव्हा तिनं बैठकीच्या भिंतीवर चित्रफीत दाखवली. पेशींचा घोळका अंड्याच्या मागच्या टोकाशी सरकला आणि हळूच आत बुडाला.

"याच्यानं अळी जाईन काय, बाई?" बाबांनी विचारलं. घरादाराचे कान तिकडे लागले. हो म्हणून टाकलं असतं तर कुणाला कळणार होतं?

"नाही, मामाजी. जीव कसा घडते, तेवढंच समजते."

मला तिचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

बाबा भिंतीकडेच पाहत होते. "जलमभर मारलं यायले," ते म्हणाले. "पाह्यलं आज."

आता बाबा नाहीत. फवारणीचा पंप माझ्या पाठीवर असतो. धुऱ्याजवळच्या त्या ओळी आल्या की मी पंप बंद करतो आणि तेवढं अंतर नुसताच चालतो.