बाईचं पोटाचं दुखणं

वाशीमच्या ज्युनिअर कॉलेजात मी वीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. लहान आतड्याची आकृती मी डोळे मिटूनही फळ्यावर काढली असती. तरी माझी मोठी बहीण, जिला आम्ही बाई म्हणायचो, वर्षभर वाळत गेली आणि मला काही कळलं नाही.

तिचं सासर मानोऱ्याकडचं. सासू दोन वर्षं क्षयानं खोकत होती. औषध सुरू करायची, जरा बरं वाटलं की सोडून द्यायची. तिचं सगळं बाईनंच केलं, शेवटपर्यंत. सासू गेल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात बाई माझ्याकडे चार दिवस राहायला आली. दोन घास खाल्ले अन् तिनं ताट बाजूला सारलं.

"जेवलं का बेंबीच्या उजवीकडे कळ येते रे. सांजच्याले अंगही गरम लागते."

"पित्त आहे. तिखट कमी खा," मी म्हणालो.

"तुले मालूम असंन बाप्पा. तू पोरायले शिकवतं."

मी पित्ताच्या गोळ्या दिल्या. पुढे फोनवरही तेच सांगत राहिलो. ती फारशी तक्रार करणारी नव्हती, आणि मला ते सोयीचं होतं.

पुढच्या वर्षी तुरी कापायच्या दिवसांत भाऊजींचा फोन आला. "तिच्यानं उभं राह्यवत नाही. काय करू?" मी गाडी करून तिला अकोल्याला नेलं. आतड्यात दुर्बीण घातली, तुकडा तपासायला पाठवला. आतड्याचा क्षय निघाला.

"तुम्हाला सांगायला नको, सर," मी जीवशास्त्र शिकवतो हे कळल्यावर डॉक्टर म्हणाले, पण तरी त्यांनी सांगितलंच. लहान आतड्याच्या शेवटी पहारेकरी पेशींच्या चकत्या असतात. खाल्ल्या अन्नातून जे काही येतं, त्याचा नमुना त्या आत ओढून घेतात, ओळखतात, शत्रू असेल तर अंगाला सावध करतात. फुफ्फुसातही असे पहारेकरी आहेत. श्वासातली धूळ, जंतू ते गिळून टाकतात. क्षयाचा जंतू मात्र गिळला तरी मरत नाही. गिळणाऱ्या पेशीतच तो वाढतो. म्हणून आतड्यात जिथं पहारा जास्त, तिथंच तो बहुतेकदा ठाण मांडतो. हे सगळं मी दरवर्षी शिकवत होतो.

वॉर्डात बाईला सोप्या शब्दांत सांगितलं.

"मंग त्या पहारेकऱ्यायचा काय दोष? ते तं आपलं काम करून राह्यले होते." मग म्हणाली, "सासूपासूनच आलं असंन. पन तिले टाकून देता येत होतं काय?"

मी तिची माफी मागायला तोंड उघडलं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "पानी दे."

औषधं सुरू झाली. ताप उतरला. एके सकाळी तिनं दुधात भाकरी चुरून खाल्ली, तेव्हा भाऊजी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले. तिसऱ्या आठवड्यात आतडं फुटलं. ऑपरेशन केलं, पण पोटभर विष पसरलं होतं. तीन दिवसांनी बाई गेली.

नंतर भाऊजींच्या गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंनी घरच्या सगळ्यांची तपासणी करवली. भाऊजींच्या फुफ्फुसात डाग निघाला. त्यांनी सहा महिने एकही गोळी चुकवली नाही. बरे झाल्याचा कागद दाखवायला ते स्वतः एस.टी.नं वाशीमला आले. चहा घेतला, कागदाची घडी घातली.

"तुमी मास्तर आहा," ते खाली पाहत म्हणाले. "तुमाले तवाच समजाले पाह्यजे होतं."

"हो," मी म्हणालो.

जेवायला थांबा म्हटलं, तर म्हणाले, उजेडात घरी पोचलेलं बरं. मी त्यांना स्टँडवर सोडलं. मानोऱ्याची गाडी लागेपर्यंत आम्ही दोघं बाकावर बसून होतो. त्यानंतर ते माझ्या घरी आले नाहीत.