आवडाबाईंच्या हाताएवढी मांडणी

भिवाजींबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. कळव्याच्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर अकरा वर्षं आमची दारं समोरासमोर होती. तरी त्यांचं लहानपण कसं गेलं, त्यांना भावंडं किती, कशाची काळजी वाटायची, यातलं मला काही सांगता येणार नाही. मी फारसा बोलत नाही, आणि ते कामात असले की बोलत नसत. ते मला 'मास्तर' म्हणत. मी कधी कुणाला शिकवलेलं नाही, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. सुरुवातीला त्यांना सांगायचं राहिलं आणि मग फार उशीर झाला.

ते कोळी. त्यांचे वडील खाडीत मासेमारी करत आणि होड्याही बांधत. भिवाजी होडीचं सुतारकाम त्यांच्याच हाताखाली शिकले. पुढे फायबरच्या होड्या आल्या, तेव्हा ते कुठल्याशा कंपनीत वॉचमन झाले. त्यांच्या पत्नी आवडाबाई बाजारात मासळी विकत.

आवडाबाईंची नजर काचबिंदूने गेली. हळूहळू गेली, त्यामुळे त्यांनी बरेच दिवस ते कुणाला कळू दिलं नाही. मग एका सकाळी मिरचीचा डबा चाचपताना त्यांचा पदर गॅसवर गेला आणि पेटला. भिवाजी घरात होते म्हणून निभावलं. त्या रविवारी त्यांचा मुलगा हितेश टिटवाळ्याहून आला. दोन्ही दारं उघडी होती, त्यामुळे मला ऐकू आलंच.

"आई, बस झालं आता. गॅस बंद. टिटवाळ्याला चल, योगिनी करते ना सगळं." योगिनी म्हणजे त्यांची सून.

"ती करते, मंग मी काय करू? बाल्कनीत बसून इमारती मोजू? त्यापन दिसत नाय मना."

"मस्करी नको ना करू. जळली असतीस!"

"कोलीन हाय मी. मना आयता जेवन घशाखाली जात नाय."

भिवाजी मध्ये पडले. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांब. मी तिच्या हाताला मिळंल अशी मांडणी करतंव. नाय जमली, तर मीच तिला घेऊन येतंव."

"पप्पा, तुम्ही होड्या बनवायचात. किचन नाय."

"लाकूड तेच हाय ना रं."

गणपती नुकतेच झाले होते. म्हणजे हातात दोन महिनेही नव्हते.

लाकूड आलं ते वडिलांच्या जुन्या होडीचं. ती खाडीकाठी वर्षानुवर्षं उपडी पडून होती. करवत लावण्याआधी भिवाजींनी तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "माफी मागितली तिची." फळ्या वरून काळ्या पडलेल्या होत्या. रंधा फिरला तसा आतून मधाच्या रंगाचा साग निघाला. इतक्या वर्षांचं खारं पाणी त्याच्या आत पोचलंच नव्हतं. हे सगळं काम जिन्यापुढच्या मोकळ्या जागेत, म्हणजे माझ्याच दारात चालायचं. भुसा झाडायच्या निमित्ताने मी बघत उभा राहायचो.

टेप त्यांच्याकडे होती, पण मापं त्यांनी बायकोच्या अंगावरून घेतली.

"हात वर कर गो. टाच नाय उचलायची."

"किती वेल? हलद लावायला उभी केल्यासारखी उभी हाय मी."

"कोपर वाकव. आता पुढं. भिंतीला बोटं लागली?"

"लागली. ओल हाय भिंतीला. रंग कवा काढनार?"

"डोले गेले तरी खोड्या काढायचं नाय गेलं तुजं."

प्रत्येक मापाला ते एका काठीवर रेघ ओढत. आकडा एकही लिहिला नाही. ती काठी म्हणजेच त्यांचा नकाशा. कोपरापर्यंतची रेघ, खांद्यापर्यंतची, हात लांब केल्यावर बोटांच्या टोकापर्यंतची. आवडाबाईंना ओट्यापाशी उभं राहून एक पाऊलही न टाकता सगळं घेता आलं पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. खिळा त्यांनी वापरलाच नाही. फळीत फळी अडकवून वर लाकडी खुंट्या ठोकल्या. खिळ्याचं डोकं कधी वर आलं तर तिच्या बोटाला लागेल, म्हणाले.

मांडणी भिंतीला बसली त्याच दिवशी मला एक गोष्ट दिसली. फळ्यांना बाहेरच्या बाजूला किंचित उतार होता. स्टोअरमध्ये रॅक आला की मी हेच आधी तपासायचो. पण एवढ्या जाणत्या माणसाला मी काय सांगणार? मी गप्प बसलो.

तिसऱ्या दिवशी आवडाबाईंनी वाटण करायला मिक्सर लावला. त्याच्या हादऱ्याने डबे सरकत सरकत पुढे आले आणि एकामागोमाग एक खाली पडले. लोणच्याची बरणी फुटून आवडाबाईंच्या पावलाला काच लागली. जखम मोठी नव्हती. पण पाय धुऊन, पट्टी बांधून भिवाजी बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिले.

"होडीत फळी सपाट ठेवत नाय," ते म्हणाले. "पानी थांबला की लाकूड कुजतं. हातच उतार देतो, मास्तर, मना कललापन नाय. आता घरात कुठं लाट येते?"

मी धीर केला. "मला दिसला होता उतार."

"मंग बोललात का नाय?"

"वाटलं, तुम्ही मुद्दाम दिला असेल."

ते माझ्याकडे बघत राहिले. आता रागावणार, असं मला वाटलं. "आम्ही दोघं नवराबायको आंधली," ते म्हणाले, "दिसलं ते एका शेजाऱ्याला, आनि तो मुका!" आणि ते हसले. आत आवडाबाईही हसल्या. मला हसू आलं नाही.

दिवाळीला तीन आठवडे होते. त्यांनी सगळी मांडणी उतरवली. मला वाटलं, आता फळ्या सपाट करतील. त्यांनी उतार उलटा दिला, भिंतीकडे. डबा कसाही ठेवला तरी तो मागे टेकून आपल्या जागी बसायचा. हादरा बसला तर आणखी घट्ट बसायचा. प्रत्येक डब्याला वेगळा कप्पा, आणि कप्प्याच्या कडेवर पटाशीने कोरलेला एकेक मासा. मिठाच्या कप्प्यावर पापलेट, मिरचीच्या बोंबील, हळदीच्या कोळंबी, चहाच्या खेकडा. आवडाबाईंनी आयुष्यभर मासळी हाताळली होती. त्यांचं बोट कडेवरून फिरलं की पुरे.

एकदा भिवाजींनी मला ओट्यापाशी उभं केलं आणि म्हणाले, "डोले मिटा, मास्तर." मी डोळे मिटून हात पुढे केला. बोटाला बारीक बारीक पाय लागले, नांगी लागली. भिवाजींनी तिथला डबा माझ्या नाकाशी उघडला, तर चहा. माझ्या स्टोअरमध्ये प्रत्येक वस्तूला कार्ड होतं, नंबर होता, तरी माणसं तासभर वस्तू शोधत राहायची. इथे एक अक्षरही नव्हतं. मी डोळे उघडले तरी माझा हात त्या खेकड्यावरच होता. "छान आहे," एवढंच म्हणालो. ते किती अपुरं होतं हे मला तेव्हाही कळत होतं.

दिवाळीत हितेश आणि योगिनी आले. मलाही जेवायला बोलावलं होतं. आवडाबाईंनी सगळा स्वयंपाक एकटीने केला. मध्येच हितेशने माझ्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं आणि हळूच दोन डब्यांची अदलाबदल केली. आवडाबाईंचा हात गेला, थांबला. त्यांनी डबा हलवून त्याचा आवाज ऐकला.

"खेकड्याच्या घरात मीठ कोनी घातला रं?"

हितेश एक पाऊल मागे सरला.

"हितेश, इकडं ये. जिथला तिथं ठेव. आनि परत माज्या मांडनीला हात लावलास तर कोयत्याने बोटं तोडीन."

हितेशने डबे मुकाट्याने जागेवर ठेवले. मग आपणही डोळे मिटून कडेवरून बोट फिरवत कितीतरी वेळ उभा राहिला. टिटवाळ्याचं नाव त्या दिवशी निघालं नाही.

महाशिवरात्रीच्या सुमारास भिवाजी गेले. रस्त्यातच छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तेराव्यानंतर हितेश आईला घेऊन जाईल, असं इमारतीत सगळे धरून चालले होते. निघताना तो माझ्या दाराशी आला. "अंकल, मी शनिवार-रविवार येत जाईन. तोपर्यंत कुणाला ते डबे हलवू देऊ नका." आवडाबाई अजून समोरच राहतात, आपल्या हाताने करून जेवतात.

भिवाजी गेले त्या दिवशी सकाळी मी दारातून पेपर उचलत होतो. ते करवत गोणपाटात गुंडाळून जिना उतरत होते.

"मास्तर, करवतीला धार लावून आनतंव. सिलिंडरवाला आला तर त्याला सांगा, आत आनून ठेव."

"बरं," मी म्हणालो. "सांगतो."