काकूंचा चौथा डायलॉग

मी या ग्रुपवर तीनेक वर्षांपासून फक्त वाचतो. लिहायची ही पहिलीच वेळ. खरं सांगायचं तर इथले अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत दोस्तांना वाचून दाखवायचो आणि आम्ही हसायचो. हिंगण्याला एका कंपनीत मी क्वालिटीचं काम पाहतो… दिवसभर मापं घ्यायची, मापात न बसणारं बाजूला काढायचं. भास, संकेत, भूतखेत, यातलं काही मानणाऱ्यांपैकी मी नव्हतो. आज काय मानतो ते विचारू नका. जसं झालं तसं सांगतो.

मंगेश माझा कॉलेजपासूनचा दोस्त. लकडगंजला त्याचं दोन मजली घर, खाली भाड्याने दिलेलं दुकान, शेजारी लाकूड कापायची आरा मशीन. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. नोकरी सांभाळून तो एक व्हिडिओ गेम बनवत होता. आपण लहानपणी सायबर कॅफेत खेळायचो ना, जाडे चौकोनी ठिपके असलेले शूटिंगचे गेम… स्क्रीनवर खाली फक्त आपला हात आणि बंदूक दिसायची… तसला. फक्त यात बंदुकीच्या जागी रस्सा वाढायचं मोठं वगराळं होतं. हिरो म्हणजे लग्नातला आचारी. उन्हाळ्यात डोकं फिरलेले कूलर पाय फुटून रस्त्यावर येतात आणि हा त्यांच्यावर उकळती तर्री फेकतो. गेमचं नावच 'तर्री'.

यात काकूंचा, म्हणजे मंगेशच्या आईचा, आवाज होता. तीन डायलॉग. आचाऱ्याचा जीव कमी झाला की, "पाणी पे गा, पाणी!" भलत्या गल्लीत शिरला की, "उन्हात काहून फिरून राहिला?" आणि मेला की, "झोपला वाटते!" रेकॉर्डिंगला मी हजर होतो. आवाज नको म्हणून कूलर बंद केलेला, काकू घामाने निथळत होत्या आणि हसत होत्या. "मले काय समजते गा यातलं? पण तुमी म्हणता त बोलते."

मे महिन्यातली गोष्ट. मला साप्ताहिक सुट्टी होती. सकाळी मंगेशने गेमची नवी आवृत्ती पाठवली. "अमोल, दुसरी लेव्हल खेळून पाह्य, चुका लिहून ठेव." जेवण करून मी बसलो. सवयीप्रमाणे शेजारी वही ठेवली, प्रत्येक चुकीपुढे वेळ टाकत होतो. म्हणून वेळ नक्की सांगू शकतो… एक वाजून दहा मिनिटं.

आचारी ठणठणीत होता, जीव पूर्ण भरलेला. तरी काकूंचा आवाज आला.

"मंगेश… दार उघड ना बापू."

मागे ठक ठक असा पत्रा वाजल्यासारखा आवाज. मी खो-खो हसलो. वहीत लिहिलं — काकूंचा नवीन डायलॉग, भारी!

मग तो येतच राहिला. त्या लेव्हलमध्ये एका भिंतीवर हिरवं दार होतं. नुसतं रंगवलेलं, उघडत नाही. त्याच्या जवळ गेलो की आवाज जवळून यायचा. मला वाटलं, मंगेशने काहीतरी गंमत लपवलीय. मी त्या दारावर तर्री फेकत सुटलो. एक वगराळं, दुसरं, तिसरं… आतून काकू म्हणत होत्या, "पाय भाजून राहिले रे… उघड ना." आणि मी हसत होतो. हळूहळू आवाज बारीक होत गेला. मग नुसती ठक… आणि बऱ्याच वेळाने एक ठक.

सव्वादोनला मी कंटाळून मंगेशला मेसेज टाकला, 'काकूंचा दार उघडचा डायलॉग जबरदस्त. पण दार उघडते कसं?'

लगेच त्याचा फोन आला. मागे इतवारीच्या बाजारातला गोंगाट. "कोणता डायलॉग?"

मी सांगितला.

"असं काही नाही टाकलं गा म्या. आई त तीनच बोलली. तुह्यासमोर."

 मग तो म्हणाला, "अमोल, म्या निंगताना गच्चीचं दार लावलं. झळांनी आपटते म्हणून रोजच लावतो. आई आतल्या खोलीत झोपली असन ना…" मी फोन ठेवून काकूंना लावला. रिंग जात राहिली.

त्यांच्या घरी मी दहा मिनिटांत पोचलो. किल्ली खालच्या दुकानात असायची. आतली खोली रिकामी, फोन चार्जिंगला. जिना चढून गच्चीच्या पत्र्याच्या दाराची कडी काढली. दार अर्धंच उघडलं, कारण काकू त्याला टेकूनच पडल्या होत्या. कुरडया वाळू घालायला वर आल्या होत्या. पायाला चप्पल नव्हती, तळव्यांना फोड. शेजारच्या आरा मशीनच्या घरघरीत आणि घराघरातल्या कूलरांत कोणाला काय ऐकू येणार…

श्वास चालू होता. मी ओठांना पाणी लावलं तर डोळे किलकिले करून म्हणाल्या, "केवढ्या वेळची आवाज देऊन राहिली गा…" त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे दवाखान्यातच त्यांनी प्राण सोडला. तासभर आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य अर्धंच सोडलं.

नंतर मंगेशने आणि मी मिळून त्याच्या कॉम्प्युटरवर आवाजांचं फोल्डर उघडलं. काकूंच्या तीनच फाइली. माझ्याकडची तीच आवृत्ती दोन दिवस खेळलो. हिरव्या दारापाशी नुसतं संगीत. मी माप घेणारा माणूस, पण याला कुठली पट्टी लावू?

तेरवीच्या दुपारी मांडवात मंगेश माझ्याजवळ येऊन बसला. टक्कल केलेलं, डोळे सुजलेले. म्हणाला, "एक सांग. तुले पह्यल्यांदा कवा ऐकू आलं?"

मी म्हणालो, "मेसेज टाकला ना… त्याच्या एखाद मिनिट आधी."

त्याने माझा हात धरला. "मंग तुनं काही उशीर नाही केला. उशीर म्या केला."

वहीत एक वाजून दहा मिनिटं लिहिलेलं आहे, ते मी त्याला सांगितलं नाही. आजवर बोललो नाही. तो हा ग्रुप वाचत नाही… पण कोणी त्याला हे पाठवलं, तर पाठवू द्या.