मिलिंदची फ्रेंच सायकल

"ताई, माझ्या सायकलला कुणी हात नाही ना लावला?" माझ्या धाकट्या भावाचं, मिलिंदचं, माझ्याशी झालेलं हे शेवटचं बोलणं. नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि काळजी कसली, तर सायकलची! "आधी तू उठ, मग तिची चौकशी कर," मी फटकारलं. तो हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोचा, सुनंदाचा, फोन आला... मिलिंद गेला होता.

पुण्यात फ्रेंच शिकवणाऱ्या एक बाई मायदेशी परतताना त्याने ती सायकल त्यांच्याकडून घेतली. तेव्हाही ती जुनीच होती. पण काय तिचे एकेक भाग! ब्रेक, हब, पेडलचे दांडे, सगळं हलकंफुल्ल, आणि पुसलं की देवघरातल्या चांदीसारखं लखलखणारं. पुढचं चाक उचलून फिरवायचा आणि म्हणायचा, "चहा टाक ताई, पिऊन होईपर्यंत थांबत नाही बघ." खरंच थांबायचं नाही हो! खोड मात्र अशी, की दुसऱ्या कुठल्याच सायकलचा भाग हिला चालायचा नाही. हँडलचा दांडा केसभर बारीक, पेडलचे आटे वेगळे. पेडलचा आस उजवीकडून धरून ठेवणारी वाटी तर इथल्या सगळ्या सायकलींच्या उलट फिरायची. कसब्यातल्या एका मुरलेल्या मेकॅनिकने ती उघडायला हाताच्या सवयीने जोर लावला आणि आणखीच गच्च आवळून ठेवली. "साहेब, ही सायकल नाही, सासू आहे," म्हणाला आणि त्याने हात जोडले.

त्यात चालवता चालवता ती वाटी आपोआप ढिली व्हायची, की कुरकुर सुरू. लोणी काळभोरला मामाकडे मी बसने पोचून, जेवून, डुलकी काढून उठायचे, तेव्हा हा घामाघूम उगवायचा. "वाटेत आवळत बसलो गं." सुनंदा सायकलला 'माझी सवत' म्हणायची आणि तिच्याकडे ढुंकून बघायची नाही.

गेल्या आठवड्यात कोथरूडचा एक कॅफेवाला तरुण ती मागायला आला. भिंतीवर टांगणार म्हणे! माझा जीव तुटला. धावायला केलेली वस्तू, तिला खिळ्याला लटकवायचं? पण निर्णय सुनंदाचा. त्याने पार्किंगमध्ये चक्कर मारली, कुरकुर ऐकली. "नो प्रॉब्लेम काकू, वेल्ड करून जाम करून टाकू. चालवायची थोडीच आहे?"

सुनंदा वर गेली, मिलिंदचा मोठा चपटा पाना घेऊन आली, फरशीवर बसली आणि तिने वाटी आवळली. न विचारता, बरोबर बाजूला. म्हणजे इतकी वर्षं ही सगळं बघत होती तर...

"नाही द्यायची," तिने त्याला सांगितलं.

तो गेल्यावर हाताने पेडल फिरवत ती म्हणाली, "ताई, मला सायकल येत नाही. हे कितीदा म्हणाले, शिकवतो. मीच हट्टाने नको म्हटलं... तुम्ही शिकवाल?"

मी पदराने डोळे पुसले आणि सीट धरली.